डोंगरावर सोडलेला उपास

तार माझ्या हातात पडली तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते. नगरला जाणारी मोटार सातला सुटून गेली होती आणि दिवसाला ती एकच होती. हे दोन आकडे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या दिवशी मी जे केलं ते या अर्ध्या तासाच्या आधारानं केलं, आणि गेली अठरा वर्षं स्वतःची समजूत घालताना हाच अर्धा तास पुढं करत आलो आहे.

आम्ही तेव्हा परमुलुखात होतो. माझं गाव निर्णा, हुमनाबादच्या बाजूचं. थोरले भाऊ, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, गावी शेती पाहत. मी बीदरला कचेरीत कारकून होतो. निजामाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलुखात जाण्याचा प्रसंग आमच्या घरात त्याआधी कुणावर आला नव्हता. आला तो वहिनींच्या नवसामुळं.

वहिनींची धाकटी बहीण नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याच्या एका गावात दिलेली होती. दोन वर्षांपूर्वी अण्णांना विषमज्वर झाला. सत्तावीस दिवस ताप हटेना. तेव्हा या बहिणीचं पत्र आलं की आमच्या डोंगरावरच्या देवीला बोल, ती सवाष्णीचं ऐकते. वहिनी बोलल्या. यांचा ताप उतरू दे, मी अनवाणी चढून येईन, तुझी ओटी भरीन आणि उपास तुझ्या दारातच सोडीन. अठ्ठाविसाव्या दिवशी अण्णांनी पेज मागितली.

नवस फेडायला मात्र दोन वर्षं लागली. एका वर्षी पेरणी आडवी आली, दुसऱ्या वर्षी माझ्या घरचं बाळंतपण. तिसऱ्या वर्षी माघात वहिनींनी हट्टच धरला. ज्वारी खळ्यावर येऊन पडली होती. अण्णा मला म्हणाले, "मला हलता येत न्हाई. तूच घेऊन जा. देवीला सांग, मालक खळ्यावर हाय." मी आठ दिवसांची रजा काढली. हुमनाबादेहून गुलबर्गा, गुलबर्ग्याला आगगाडी, सरहद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाकेदारानं वहिनींचं बोचकं उलगडून खण न् खण झटकून पाहिला, मग सोलापूर, दौंड, नगर आणि शेवटी ती मोटार. गुरुवारी दुपारी पोचलो. डोंगर शुक्रवारी चढायचा ठरला, कारण शुक्रवार देवीचा.

त्या शुक्रवारी सकाळी मी ओढ्यावर आंघोळ करून परत येत होतो. तालुक्याच्या गावाहून सायकलवर आलेला पोस्टाचा माणूस वाटेत भेटला आणि मोगलाईतले पाहुणे तुम्हीच का म्हणून त्यानं विचारलं. तार इंग्रजीत होती. मला वाचण्यापुरतं इंग्रजी येत होतं. चुलतभावानं केली होती. अण्णा बुधवारी दुपारी वारले, दहन झालं, एवढाच मजकूर. कशानं, ते नव्हतं. पुढं कळलं की खळ्यावर उभ्या उभ्या छातीत कळ आली आणि बैल थांबायच्या आत संपलं.

मी ओढ्याच्या कडेला एका दगडावर बसलो. रडू आलं नाही. आधी हिशेब केला. मोटार उद्या सातला. उद्या दुपारी नगर, संध्याकाळी दौंड, परवा गुलबर्गा, तेरवा सकाळी निर्णा. आत्ता सांगितलं तरी तेरवा सकाळी, संध्याकाळी सांगितलं तरी तेरवा सकाळी. दहन होऊन गेलेलं. म्हणजे वहिनींना आत्ता सांगून त्यांच्या पदरात काहीच पडत नव्हतं आणि न सांगितलं तर एक गोष्ट पडत होती. विधवेच्या हातची ओटी देवीला चालत नाही. सांगितलं की तो नवस जन्माचा राहिला.

दुसरी गोष्ट सुतकाची. आमच्याकडं सुतक धरतात ते ऐकल्यापासून. ज्यानं ऐकलं नाही त्याला सुतक नाही. माणूस परगावी असला आणि बातमी उशिरा पोचली तर तोवर त्यानं केलेलं देवाधर्माचं काम बाटत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. तेव्हा त्या गावात, त्या घटकेला, सुतक होतं ते एकट्या मला. मी अंगावरच्या धोतर-बंडीसकट पुन्हा ओढ्यात उतरलो, तीन बुड्या मारल्या, आणि तार कोटाच्या आतल्या खिशात ठेवून घरी गेलो.

वहिनींचे मेव्हणे दारातच उभे होते. धिप्पाड, बोलके गृहस्थ. मला निथळताना पाहून ओरडले, "अगं ए, पाव्हणं बघ! मोगलाईत कपडे अंगावरच धुत्यात वाटतं!"

आतून त्यांची बायको, म्हणजे वहिनींची बहीण, हसत म्हणाली, "असू द्या हो. थंडीत दोनदा आंघोळ करणारा माणूस मी पयल्यांदाच बघितला."

वहिनी दारात आल्या. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं. त्या हसल्या नाहीत, मला नीट पाहून म्हणाल्या, "भावजी, पाय घसरला का?"

"व्हय," मी म्हणालो. हे त्या दिवसाचं पहिलं खोटं.

आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही निघालो. माणसं चार: वहिनी, त्यांची बहीण, मेव्हणे आणि मी. मेव्हण्यांची म्हातारी आई गुडघ्यांमुळं घरीच राहिली. ओटीचं सामान एका दुरडीत होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, सुपारी. जेवणाचं गाठोडं मेव्हण्यांनी पाठीला बांधलं आणि दुरडी माझ्यापुढं धरली. "ही तुमी घ्या. हलकी हाय."

मी हात मागं घेतला. ओटीच्या सामानाला माझा हात लागणं शक्यच नव्हतं. "खांदा दुखायलाय," म्हणालो.

"दुरडीला खांदा कशाला? डोक्यावर घ्या."

"मान बी दुखायलीय."

"अण्णांनी काय दवाखान्यातला माणूस सोबत धाडला का काय!" मेव्हण्यांनी दुरडी बायकोच्या डोक्यावर दिली. वहिनींनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी ओझं नाकारणारा माणूस नाही हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या लग्नाआधीची सहा वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो आहे.

डोंगर म्हणजे काय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आमचा मुलूख सपाट. कमठाण्याला मावशीकडं जाताना तांबड्या खडकाचा एक चढ लागतो, बैल जरा हळू होतात, तेवढ्याला आम्ही घाट म्हणतो. इथं मान वर करून पाहावं तर काळा कडा सरळ उभा आणि त्याच्या माथ्यावर हाताच्या बोटाएवढी पांढरी दीपमाळ. मेव्हणे म्हणाले होते दीड तास. आम्हाला तीन तास वीस मिनिटं लागली. पहिला टप्पा करवंदीच्या जाळ्यांतून, दुसरा घसरड्या मुरमाचा, तिसरा कड्यात खोदलेल्या पायऱ्यांचा.

वहिनी अनवाणी होत्या आणि आदल्या दिवसापासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं. मुरमाच्या टप्प्यावर त्यांच्या टाचेत काटा मोडला. बहिणीनं खाली बसून पिनेनं तो काढला. मी चार पावलं दूर उभा राहिलो.

"तुमच्याकडं डोंगर न्हाईत, मग देव बसत्यात कुठं?" मेव्हण्यांनी मला विचारलं.

"माळावर."

"उन्हातान्हात?"

"आवो, त्यांचा निजामसाहेब छत्र्या वाटत असंल देवांना," त्यांची बायको काटा शोधता शोधता म्हणाली. तिघंही हसले. वहिनी सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मी त्यांना एवढं मोकळं हसताना निर्ण्याला पाहिलं नव्हतं. सासर मागं राहिलं होतं, बहीण जवळ होती, आणि दोन वर्षं मानेवर असलेलं देवीचं ओझं घटका-दोन घटकांत उतरणार होतं. मला ते हसणं सोसेना, म्हणून मी पुढं चालू लागलो.

पायऱ्या आल्यावर मी मोजायला लागलो. मोजत असलो की दुसरं काही डोक्यात येत नाही. वहिनी माझ्या मागं होत्या. मध्येच धाप टाकत म्हणाल्या, "भावजी, किती झाल्या ओ?"

"एकशे नव्वद."

"ध्यानात ठिवा. तिकडं गेल्यावर तेंला सांगायचंय. निघताना म्हणायलते, तुला धा पायऱ्या बी चढणं व्हणार न्हाई."

मी हो म्हणालो. पुढच्या वीस-पंचवीस पायऱ्यांचा आकडा चुकला. वर पोचेपर्यंत एकूण तीनशे बारा झाल्या, पण तो आकडा मी खात्रीचा धरत नाही.

देऊळ लहान होतं. दगडी, बुटकं, समोर दीपमाळ आणि तिच्याभोवती ओटा. वारा असा की बोलणं तोंडातून उडून जावं. पश्चिमेला डोंगरामागं डोंगर, सगळे करडे. मेव्हणे मला त्यांची नावं सांगत होते. एकही माझ्या ध्यानात राहिलं नाही. मी ओट्याच्या टोकाला बसलो.

"चला आत," मेव्हणे म्हणाले.

"घेरी आल्यासारखं व्हायलंय. तुमी जावा."

"आरं, इतक्या लांबून आलात आन दारात बसता?"

"हितूनच हात जोडतो."

मी हातही जोडले नाहीत. दार उघडं होतं आणि ओट्यावरून गाभारा तिरपा दिसत होता. गुरवाची बायको समई सारखी करत होती. वहिनी खाली वाकल्या. त्यांनी खण ठेवला, त्यावर नारळ, मग ओंजळीनं पाच वेळा तांदूळ घातले. शेवटची ओंजळ घातल्यावर त्यांनी कपाळ देवीच्या पायांवर टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. काय बोलत होत्या ते ऐकू आलं नाही. मला ते ऐकायचंही नव्हतं. गुरवाच्या बायकोनं त्यांना हळदकुंकू लावलं, देवीवरच्या शेवंतीची वेणी काढून त्यांच्या अंबाड्यात माळली. घड्याळात अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. मला वाटलं, झालं. जे करायचं होतं ते झालं. आता संध्याकाळी खाली गेल्यावर सांगू.

वहिनी बाहेर आल्या त्या सरळ माझ्याकडं. बहीण आणि मेव्हणे आत गुरवाशी बोलत होते. वहिनींच्या हातात खोबऱ्याचा तुकडा होता.

"भावजी, हात करा पुढं."

"ठिवा तिथं. मंग खातो."

"मंग कामून? देवीचा परसाद हाय."

मी हात पुढं केला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या. वाऱ्यानं पदर फडफडत होता, तो त्यांनी दातात धरला, मग सोडला. सकाळपासूनचं सगळं त्या मनात मांडत असाव्यात: ओली बंडी, दुरडी, काटा काढताना मी दूर उभा राहिलो ते, आणि आता हा देवळाबाहेरचा ओटा. त्या माझ्यापासून हातभर अंतर ठेवून बसल्या.

"सुतक हाय तुमाला?"

मी मान डोलावली.

"आत्याबाई गेल्या का?"

आत्याबाई म्हणजे माझी आई. तिचं वय तेव्हा बाहत्तर होतं. वहिनींनी ते नाव आधी का घेतलं ते मला कळत होतं. मी नुसतं हो म्हटलं असतं तर निर्ण्यापर्यंत तीन दिवस ते चाललं असतं. मी म्हणालो, "न्हाई. आई बरी हाय."

त्यानंतर त्यांनी दुसरं नाव घेतलं नाही. आमच्या घरात मोठं माणूस आणखी एकच होतं. खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या मुठीत होता.

"कवा?"

"बुधवारी. दुपारी."

"तुमाला कवा कळलं?"

"सकाळी. साडेसातला तार आली."

"म्हंजे मी ओटी भरायले तवा..."

"व्हय."

त्या देवळाच्या दाराकडं पाहत राहिल्या. मी म्हणालो, "वहिनी, तुमाला ठाऊक नव्हतं. ज्याला ठाऊक न्हाई त्याला दोष न्हाई. जो काय दोष हाय तो मला."

"दोष तुमी मोजा," त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकल्यासारखं. मग पदर सारखा करत: "खाली जाईस्तवर कुणाला बोलू नका."

"बरं."

"आन ऐका. तार सकाळी आली, पर इंग्रजी व्हती, तुमाला लागली न्हाई. खाली गेल्यावर कुणाकडून तरी वाचून घेतली. असं सांगा."

"कामून?"

"कामून काय इचारता? हितं रडायला बसले तर देवीच्या दारात गोंधळ. आन एकदा खाली गेले की..." त्यांनी हात वर नेऊन वेणी चाचपून पाहिली. "एवढी वाट हाय, तेवढी तरी जाऊ द्या मला अशीच."

मी कबूल केलं. अगदी शब्दानं कबूल केलं: "तसंच सांगतो."

तेवढ्यात बहीण बाहेर आली. "अक्का, चल, उपास सोड. बोललीस ना, दारातच सोडीन म्हणून? पोळ्या गार व्हायल्या." इतकी वर्षं परमुलुखात राहूनही ती अक्काशी बोलताना आपल्याकडची भाषा बोलायची.

दीपमाळेच्या आडोशाला गाठोडं सोडलं. वहिनींच्या पुढं नैवेद्याची पुरणपोळी आणि तूप. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. घास तोडला, तोंडात घातला, आणि चावत राहिल्या. तो एक घास खाली उतरायला किती वेळ लागला ते मी पाहिलं, पण घड्याळ काढलं नाही. मेव्हणे सांगत होते, "साडूला आणायचंच. खळं काय पळून चाललं व्हतं? पुढच्या वर्षी मी सोता येऊन धरून आणतो त्येला. आक्का, सांगा तुमी त्येला."

"सांगते," वहिनी म्हणाल्या.

"आक्का, अजून एक घ्या. दोन दिवसांचा उपास हाय."

त्यांनी दुसरी घेतली. न घेतली असती तर बहिणीनं विचारलं असतं काय झालं म्हणून. मीही जेवलो. प्रसादाला हात लावला नाही, पण भाकरी आणि पिठलं खाल्लं. दीड भाकरी. भूक लागली होती, हे लपवून काय करू?

उतरताना वहिनी सगळ्यांच्या मागं राहिल्या. बहीण दोनदा थांबली, दोनदा त्या म्हणाल्या, "तू हो पुढं, माझा पाय दुखायलाय." मीही थांबलो, तर मलाही हातानंच पुढं जायला सांगितलं. मुरमाच्या टप्प्यावर वळून पाहिलं तेव्हा त्या एका जागी उभ्या होत्या, हिरवं लुगडं, वेणी, कपाळावर देवळातलं ठळक कुंकू, आणि कुठंही पाहत नव्हत्या. चढायला तीन तास वीस मिनिटं लागली होती. उतरायलाही जवळजवळ तेवढीच लागली. मेव्हणे म्हणाले, एवढ्या वेळात आमच्या शेळ्या दोनदा वरखाली करतात.

घरी पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. ठरल्याप्रमाणं तार वाचून घेण्याच्या निमित्तानं मी दहा-पंधरा मिनिटं बाहेर जाऊन आलो, आणि अंगणात उभा राहून म्हणालो, अण्णा गेले. पुढचं लिहीत नाही. ते सगळ्यांच्या घरी एकसारखंच होतं. शेजारच्या बायका आल्या. वहिनींच्या बांगड्या बहिणीच्या सासूनं, त्या म्हातारीनं, फोडल्या. पाट्यावरच्या वरवंट्यानं. वेणी कुणी काढली ते मी पाहिलं नाही.

तासाभरानं रडणं ओसरल्यावर म्हातारी ओट्यावर आली. गावातल्या आठ-दहा बायका आणि तीन-चार पुरुष अंगणात बसले होते. म्हातारी वाईट नव्हती. तिला देवीचं भय होतं. ती त्याच डोंगराखाली जन्मली होती आणि दोन नातवंडं तिनं त्याच देवीच्या अंगाऱ्यावर वाढवली होती.

"पाव्हणं," ती म्हणाली, "एक इचारते, राग मानू नका. आज देवीची ओटी भरली ती रांडाव बाईच्या हातानं भरली. गुरवाला सांगाया पायजे. देवी धुवून घ्याया पायजे. तवा खरं सांगा. तार कवा वाचली?"

काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं होतं. आत्ता, खाली आल्यावर. तीन शब्द. ते सांगितलं असतं तरी ओटी शुद्धच ठरली असती, कारण वहिनींना ठाऊक नव्हतं असंच ठरलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या 'रांडाव बाई' शब्दानं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, या बाईवर एवढासाही संशय राहता कामा नये, सगळं घड्याळानिशी पुढं ठेवलं पाहिजे. बारा वर्षं कचेरीत मला कुणी कधी विचारलं की मी वेळ सांगत आलो होतो. मी सांगितली.

"तार मी सकाळी साडेसातला वाचली. मला एकट्याला ठाऊक होतं. म्हणून मी देवळात गेलो नाही, दुरडीला शिवलो नाही. वहिनींनी ओटी भरली अकरा पन्नासला. त्यानंतर, बाराच्या सुमाराला, त्यांना कळलं. ओटी भरताना त्यांना ठाऊक नव्हतं. देवीला काही लागलेलं नाही."

म्हातारीचा चेहरा सैल झाला. "मग बरं," ती म्हणाली. अंगणातल्या पुरुषांनीही मान डोलावली. मला वाटलं, मी वहिनींना सोडवलं.

वहिनी आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची बहीण त्यांच्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "अक्का, बाराला? आपण जेवलो तवा साडेबारा वाजले व्हते."

ती जरा बाजूला सरकली.

"तुला ठाऊक व्हतं?" बहीण म्हणाली. "ठाऊक असून तू पोळी खाल्लीस?"

"दोन खाल्ल्या," मेव्हणे म्हणाले. त्यांच्या मनात काही नव्हतं. ते सुन्न झाले होते आणि जे आठवलं ते बोलून गेले.

वहिनींनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो की मीच सांगितलं होतं कुणाला कळू देऊ नका म्हणून; की उपास देवीच्या दारात सोडायचा नवस होता; की मीही जेवलो. शेवटच्या वाक्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. सकाळपासून ठाऊक असलेला, मेलेल्याचा सख्खा भाऊ, दीड भाकरी खाऊन बसला होता, आणि त्याला कुणी एक शब्द विचारला नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी सातच्या मोटारीनं आम्ही निघालो. बहीण वहिनींच्या गळ्यात पडली, पण चटकन सुटली. दौंडला गाडीची वाट पाहताना मी वहिनींना म्हणालो, "माझं चुकलं."

"तुमी खोटं कुठं बोललाव?" त्या म्हणाल्या. एवढंच. तो टोमणा होता की नाही ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आमच्या मागोमाग ती गोष्ट निर्ण्याला पोचली. कशी, ते कळायला मार्ग नाही. नात्यातली माणसं जातात-येतात, पत्रं येतात. अण्णांचे दिवस घालायच्या आधीच पाणवठ्यावर बोलणं सुरू होतं. नवरा मेल्याचं कळलं आणि बाई डोंगरावर बसून पुरणपोळी जेवली. तुपाशी. पुढं पुढं तीत भर पडत गेली. कुणी म्हणे हसत जेवली, कुणी म्हणे मागून घेतली. मी ज्याला ज्याला भेटलो त्याला बरोबर काय ते सांगायचा प्रयत्न केला: उपास होता, नवस होता, दोनच पोळ्या होत्या. जितकं बरोबर सांगितलं तितकी ती गोष्ट लोकांच्या ध्यानात पक्की बसली. वर्षभरानं मी सांगायचं सोडलं.

वहिनी मुलांना घेऊन अण्णांच्या वाट्याच्या शेतावर राहिल्या. घर नीट चालवलं. माझ्याशी बोलणं कधी तोडलं नाही. फक्त एक झालं. त्या दिवसापासून वहिनींना कुणी जेवताना पाहिलं नाही. घरात सगळ्यांचं झालं की त्या चुलीशी, भिंतीकडं तोंड करून बसत, आणि कुणी आत आलं की ताट सरकवून उठत. लग्नकार्याला जात, राबत, वाढत, आणि पंगतीत न बसता घरी येत. सुरुवातीला लोकांना ते बरोबर वाटलं. मग सवयीचं झालं. मग कारणही फारसं कुणाला आठवेना, पण त्या बसल्या नाहीत.

यंदा वैशाखात माझ्या मोठ्या मुलीचं लग्न बीदरला झालं. वहिनी आठ दिवस आधी आल्या होत्या. लग्नाच्या दिवशी पहाटेपासून त्या वाढपात होत्या. दुपारी अडीचला शेवटची पंगत बसली, घरच्या बायकांची. एक पान रिकामं होतं. माझ्या व्याह्यांच्या बहिणीनं वहिनींचा हात धरला. "या ना, तुमीच राहिलात. या पानावर बसा."

"न्हाई ओ, माझं जेवण झालं," वहिनी म्हणाल्या.

"कवा झालं? मी तर सकाळपासून तुमाला वाढतानाच बघायलेय."

पंगतीतल्या दोन-तीन बायकांनी मान वर केली. त्यांतली एक निर्ण्याची होती. तिनं शेजारणीकडं पाहिलं.

मी दारात बुंदीची परात घेऊन उभा होतो. वहिनींनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. "जेवल्या त्या," मी म्हणालो. "दुसऱ्या पंगतीला, माझ्यासमोर बसून. साडेबाराला."

व्याह्यांच्या बहिणीनं हात सोडला. वहिनी माझ्याकडं न पाहता परातीतली बुंदी वाटीनं घेऊन पुढच्या पानावर वाढायला वाकल्या.